श्वासाच्या वाटेने औषध : झिंग्याच्या टरफलापासून फुफ्फुसापर्यंत

आपल्या वस्त्यांमध्ये दम लागणारे, खोकणारे माणूस दर चार-दोन घरांआड सापडते. कोणी वीटभट्टीवर राबलेले, कोणी जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत उभे राहिलेले, कोणी हंगामात हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमजवळ काम केलेले. आईने तर आयुष्याची वीस-तीस वर्षे चुलीपुढे काढलेली असतात. अशा घरांमध्ये डॉक्टरांनी पंप लिहून दिला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या.’ आणि दुसरी, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय.’ याच वस्त्यांत आता मोबाईलवर ‘नॅनो औषध, टीबी-दमा मुळापासून बरा’ असेही काहीबाही फिरू लागले आहे.

या अंकात आपण श्वासावाटे औषध देण्याचे शास्त्र समजून घेऊ. झिंग्या-खेकड्यांच्या टरफलातून निघणाऱ्या कायटोसान या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण करून त्यातून फुफ्फुसात औषध पोचवण्यावर जगभर जे संशोधन चालू आहे, तेही पाहू. त्यात खरे किती आणि आज आपल्या हाती काय आहे, हे कळले तर पंपाची भीतीही जाईल आणि जाहिरातीला फसणेही टळेल.

छातीत मावलेली तीन घरकुले

नाकातून आत गेलेली हवा श्वासनळीतून पुढे जाते. ही नळी झाडाच्या फांदीसारखी फुटत फुटत बारीक होते आणि शेवटी हवेच्या इवल्या फुग्यांपाशी संपते. या फुग्यांना वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसाच्या दोन फुफ्फुसांत असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. रमाई आवास योजनेचे घरकुल २६९ चौरस फुटांचे असते. अशी जवळजवळ तीन घरकुले आपल्या छातीत घडी घालून ठेवलेली आहेत, असे समजा.

वायुकोशातली हवा आणि बाजूने वाहणारे रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. इतक्या पातळ पडद्यामुळेच प्राणवायू क्षणात रक्तात उतरतो. धूर आणि विषारी वायूही त्याच वाटेने आत शिरतात. मग औषधही त्या वाटेने का पाठवू नये, हा यामागचा साधा विचार.

गोळी आणि पंप : फरक मात्रेचा

गोळी गिळली की ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते, यकृतातून जाताना तिचा काही भाग तिथेच खर्ची पडतो आणि उरलेले औषध डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे पसरते. फुफ्फुसाच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. म्हणून गोळीत औषध जास्त घालावे लागते आणि ते नको त्या अवयवांपर्यंतही पोचते.

सालब्युटामॉल हे दम्यात श्वासनळी मोकळी करणारे औषध घ्या. त्याची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात हेच औषध १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे दोन दाब घेतले तरी ४ मिलिग्रॅमच्या गोळीचा फक्त विसावा भाग शरीरात जातो आणि आराम काही मिनिटांत मिळतो. गोळीने हात थरथरणे, छाती धडधडणे जास्त होते. पंपाने ते कमी होते. तेव्हा पंप हा शेवटचा उपाय नसून कमी औषधात नेमक्या जागी काम करणारा उपाय आहे. ‘सवय लागते’ हेही खरे नाही. दमा हा लांब चालणारा आजार आहे, म्हणून औषध लांब चालते. चष्म्याची जशी ‘सवय’ लागत नाही, तसेच हे.

कणाचे माप चुकले तर औषध वाया

श्वासाची वाट सोपी दिसते, पण तिला पहारेकरी आहेत. पाच मायक्रॉनहून मोठा कण घशात आणि मोठ्या नळ्यांत आपटून तिथेच चिकटतो, मग गिळला जातो. फार बारीक कण, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे, हवेत तरंगत राहतात आणि बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. १ ते ५ मायक्रॉनचा कणच खोलवर जाऊन नीट बसतो.

आत बसल्यावरही सुटका नाही. नळ्यांच्या आतून चिकट द्रवाचा थर असतो आणि त्याखाली बारीक केसांसारखे तंतू सतत हलत असतात. आत आलेली धूळ ते घशाकडे ढकलतात. आपण खाकरून बेडका टाकतो तो त्यांनीच वर आणलेला असतो. खाली वायुकोशात भक्षक पेशी फिरत असतात. कोणताही परका कण दिसला की त्या गिळून टाकतात. औषधाने या सगळ्यांना चुकवायचे किंवा त्यांचाच उपयोग करून घ्यायचा, हे शास्त्रज्ञांपुढचे कोडे आहे. कायटोसानचे नाव येते ते इथे.

टाकाऊ टरफलातला कामाचा पदार्थ

बाजारातून आणलेले सुकट निवडताना आपण डोकी-टरफले काढून टाकतो. कयाधूच्या काठी पकडलेल्या खेकड्याचे कवच तर चावतच नाही. या टरफलांत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. टोळाच्या अंगावरचे कवच, अळंबीच्या पेशींच्या भिंती, यांतही तोच. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो पहिल्यांदा सापडला, तोही अळंबीत. टरफलातला चुना आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढून टाकायची, मग उरलेल्या कायटिनला तीव्र अल्कलीत तापवायचे, की कायटोसान तयार होते. काही जण त्याला चिटोसानही म्हणतात. शेतीच्या दुकानात पिकांवर फवारण्यासाठी याच नावाची बाटली मिळते, ती तुम्ही पाहिली असेल.

कायटिन पाण्यात विरघळत नाही. कायटोसान मात्र व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळते आणि विरघळले की त्याच्यावर धन विद्युतभार येतो. आपल्या शरीरातल्या चिकट द्रवावर आणि पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, म्हणून कायटोसान तिथे चिकटून बसते आणि औषधाला मुरायला वेळ मिळतो. शेजारशेजारच्या पेशींमधले घट्ट जोडही ते थोडा वेळ सैल करते, त्यामुळे एरवी आत न जाणारी मोठ्या रेणूंची औषधेही शिरू शकतात. शरीरातले काही रस त्याचे हळूहळू तुकडे करतात. रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये कायटोसान बरीच वर्षे वापरात आहे.

लाडवाची युक्ती

कायटोसानचा नॅनोकण बनवायची पद्धत ऐकायला सोपी आहे. सौम्य आम्लात विरघळवलेल्या कायटोसानमध्ये औषध मिसळायचे आणि ढवळत ढवळत त्यात ट्रायपॉलिफॉस्फेट या ऋण भाराच्या क्षाराचे पाणी थेंबाथेंबाने सोडायचे. दोन्ही भार एकमेकांना धरतात आणि द्रवात इवल्या गाठी तयार होतात. औषध त्यांच्या पोटात अडकते. उष्णता लागत नाही, कडक रसायने लागत नाहीत, म्हणून नाजूक औषधही टिकते. स्पेनमधल्या सांतियागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ही पद्धत मांडली आणि पुढे ती जगभर गेली.

अशा कणाचा आकार साधारण २०० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा पाचवा भाग धरू. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे साडेतीनशे कण ओळीने उभे राहतील. पण इतका बारीक कण तर उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो, हे आपण वर पाहिले. मग काय करायचे? कुरमुऱ्याचा लाडू आठवा. सुटे कुरमुरे वाऱ्याने उडतात, गुळाच्या पाकात बांधले की लाडू हातात बसतो आणि तोंडात पाक विरघळला की कुरमुरे पुन्हा सुटे होतात. शास्त्रज्ञ तसेच करतात. नॅनोकण साखरेच्या जातीच्या पदार्थात बांधून, गरम हवेत फवारून वाळवतात आणि २-३ मायक्रॉनची भुकटी बनवतात. ती श्वासाबरोबर खोल जाते, ओलाव्यात ‘पाक’ विरघळतो आणि आतले नॅनोकण मोकळे होतात.

टीबीचा जंतू जिथे लपतो

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हा जंतू मोठा बिलंदर. वायुकोशातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो मरत नाही. त्या पेशीतच घर करून राहतो. गोळीतले औषध रक्तातून फिरून त्या पेशीच्या आत पुरेसे पोचावे लागते, म्हणून उपचार लांबतो. साध्या टीबीला आज पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, रोज घ्यावी लागतात.

आता गंमत पाहा. भक्षक पेशी कण गिळते, हाच तिचा स्वभाव. मग टीबीचे औषधच कणात भरून तिला गिळायला दिले तर? जंतू ज्या खोलीत लपला आहे, त्याच खोलीत औषध जाईल.

ही नुसती कल्पना नाही. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत राजेश पांडे आणि जी. के. खुल्लर यांच्या गटाने २००३ साली गिनिपिगवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी टीबीची औषधे नॅनोकणांत भरून वाफेच्या मशीनने, दर दहाव्या दिवशी एकदा दिली. पाच वेळा दिल्यावर फुफ्फुसांत जंतू सापडले नाहीत. तोंडाने रोज औषध देऊन तेवढाच गुण यायला ४६ डोस लागले. ते कण कायटोसानचे नव्हते, दुसऱ्या एका विरघळणाऱ्या पदार्थाचे होते. पण वाट तीच. कायटोसान स्वस्त आणि चिकटून राहणारे, म्हणून पुढे अनेक प्रयोगशाळांनी ते हाती घेतले.

पाच आणि ४६ या दोन आकड्यांचा अर्थ आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर सेनगाव-कळमनुरीकडून ऊसतोडीला किंवा भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबात रोजची गोळी कोपीत सांभाळणे, ती न चुकता घेणे किती अवघड असते, ते आपण पाहतो. गोळ्या मध्येच सुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. दहा दिवसांनी एकदा श्वासावाटे औषध मिळाले, तर किती जीव वाचतील!

मग हे औषध मिळत का नाही?

कारण गिनिपिग म्हणजे माणूस नव्हे. कायटोसानच्या नॅनोकणांतून फुफ्फुसात द्यायचे टीबीचे किंवा दम्याचे कोणतेही औषध आज आपल्याकडे दुकानात किंवा सरकारी दवाखान्यात मिळत नाही. अजून बरेच प्रश्न सुटायचे आहेत. धन भार जास्त झाला तर तो फुफ्फुसाच्या पेशींनाच इजा करू शकतो. महिनोन्‌महिने श्वासातून घेतलेल्या कायटोसानचे काय होते, हे नीट तपासावे लागेल. टरफलांचा प्रत्येक लॉट वेगळा निघतो, तो औषधाच्या दर्जाचा शुद्ध करावा लागतो. झिंग्याची ॲलर्जी असणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. प्रत्येक डोसमध्ये सारखेच औषध फुफ्फुसात पोचेल, याची खात्री हवी.

चांगली कल्पनाही माणसांवरच्या चाचणीत मागे पडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गोवराची लस सुईऐवजी श्वासातून द्यावी, म्हणून पुण्याजवळच्या गावांत ९ ते १२ महिन्यांच्या २,००४ बाळांवर चाचणी झाली. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. सुईने लस दिलेल्या बाळांपैकी ९४.७ टक्क्यांत संरक्षण तयार झाले, श्वासातून दिलेल्यांपैकी ८५.४ टक्क्यांत. श्वासाची वाट सुरक्षित होती, पण सुईइतकी भरवशाची ठरली नाही. म्हणून आजही आपल्या बाळांना गोवराची सुईच देतात. तपासून पाहण्याचा फायदा हाच.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. श्वासातून घ्यायच्या इन्शुलिनच्या भुकटीला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. ती मुंबईच्या सिप्ला कंपनीने आणली आहे. तिच्यात कायटोसान नाही, वेगळा पदार्थ आहे. आणि दमा असणाऱ्यांना, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना ती चालत नाही. म्हणजे वाट खुली आहे, पण एकेक पाऊल तपासूनच टाकावे लागते. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना केलेला बुद्धांचा उपदेश औषधालाही लागू आहे.

मिळाले तर कोणाला मिळेल?

नवे औषध निघणे आणि ते वस्तीपर्यंत पोचणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरचे बेडाक्विलिन हे औषध पाहा. त्यावरची कंपनीची मक्तेदारी पुढे वाढू नये म्हणून मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ साली भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. दोघींनीही टीबी सोसला होता आणि उपचारातल्या औषधांमुळे ऐकण्याची शक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली. रोग्यांनी कायदा हाती धरला म्हणून हे झाले.

दुसरी बाब चाचण्यांची. नव्या औषधांच्या चाचणीसाठी गरीब वस्त्यांतल्या माणसांना विचारणा होऊ शकते. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक आहे. नकार देता येतो, मध्येच बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई हा हक्क आहे. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, सहीही करू नका.

आज आपल्या हाती काय आहे

नॅनो औषधाची वाट पाहत बसायचे कारण नाही. खालील गोष्टी आजच करता येतात.

१. खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असेल तर आशाताईंना सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बेडक्याची तपासणी मोफत होते. गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅटसारख्या मशीनवर जंतू औषधाला दाद देतो की नाही, हेही कळते.

२. टीबी निघाला तर गोळ्या मोफत आहेत. महिन्याभरात बरे वाटले तरी सोडू नका. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

३. कामासाठी बाहेरगावी जाणार असाल तर आधी केंद्रात सांगा. निक्षय नोंदणी क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातही गोळ्या मिळतात. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये रोग्याच्या बँक खात्यात येतात, तो हक्क सोडू नका. घरातल्या इतरांचीही तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्यांची विचारणा करा. मोफत मदत क्रमांक : १८००-११-६६६६.

४. पंप नीट घ्या. आधी हलवा, श्वास पूर्ण बाहेर सोडा, दाबताना हळू आणि खोल श्वास घ्या, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. लहान मुले आणि वयस्कर यांच्यासाठी स्पेसर लावा. कॅप्सूलची भुकटी असलेले साधन असेल तर श्वास जोरात ओढायचा असतो आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा. रोज घ्यायचा पंप आणि दम लागल्यावर घ्यायचा पंप वेगवेगळे असू शकतात, डॉक्टरांकडून दोन्ही समजून घ्या.

५. ‘नॅनो’ किंवा ‘कायटोसान’ लिहिलेले डबे टीबी-दम्यासाठी घेऊ नका. वजन कमी करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कायटोसानच्या कॅप्सूल पोटात जातात, फुफ्फुसात नव्हे. शेतीच्या दुकानातले कायटोसान तर पिकासाठी आहे. त्याची वाफ घेणे म्हणजे आजार विकत आणणे.

६. टीबीच्या माणसाला वाळीत टाकू नका. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले होते, ही गोष्ट विनयपिटकात आहे. तोंडावर रुमाल, खिडकी उघडी आणि वेळेवर गोळी एवढे सांभाळले तर रोग्यासोबत जेवायला काही हरकत नाही.

वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होते. त्यातली एक संध्याकाळ आरोग्यासाठी ठेवता येईल. आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना बोलवा, वस्तीतल्या सगळ्यांनी आपापले पंप घेऊन या आणि ते कसे घ्यायचे हे समोर करून पाहा. लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. गोळ्यांचा साठा संपला, स्पेसर मिळत नसेल, तर तसे लेखी कळवा.

आणि ज्यांची मुले-मुली फार्मसी, रसायनशास्त्र शिकत आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. पीएच.डी. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. टरफलातला कण फुफ्फुसापर्यंत कसा न्यायचा, हे कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही. ऊसतोडीच्या कोपीत सहा महिन्यांच्या गोळ्या का सुटतात हे ज्याने घरात पाहिले आहे, असा संशोधक त्या प्रयोगशाळेत हवाच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!